नाइबसाहेब, अबझेखांना काय सांगून निघालात?

नाइब मोहम्मद अमीन यांस,

तुम्ही दागेस्तानचे, अवार. सर्केशियन डोंगरांत तुम्ही परकेच. रशियनांशी लढणाऱ्या इमाम शामिल यांनी १८४८च्या अखेरीस तुम्हाला आपला नाइब, म्हणजे प्रतिनिधी, म्हणून कुबान नदीपलीकडे अबझेख या सर्केशियन जमातीच्या मुलखात धाडलं, तेव्हा तुम्ही जेमतेम तिशीचे होतात. तुमच्याआधी आलेला नाइब सुलेमान एफेंदी थेट रशियनांना जाऊन मिळाला होता. एकदा असे पोळलेले ते लोक, तरी त्यांनी तुमच्यावर भरवसा टाकला. माझं सगळं दुखणं त्या भरवशापाशी आहे.

तो तुम्ही कमावलाही होतात. मुलखात महकमे उभारलेत. तिथेच मशीद, तिथेच न्यायनिवाडा, तिथेच तुरुंग. शंभर-शंभर घरांचे गट पाडून त्यांवर वडीलधारे नेमलेत, स्वारांची कायमची फौज ठेवलीत. सरदाराच्या घरी पिढ्यानपिढ्या राबणारा माणूस तुमच्याकडे पळून आला, तर त्याला आसरा मिळत असे. सरदार आणि शेतकरी एकाच काझीपुढे उभे राहिले, ही त्या समाजात केवढी मोठी गोष्ट होती! ते गोडीगुलाबीनं झालं नाही, हेही मी विसरत नाही. दंड झाले, ओलीस घेतले गेले, न ऐकणाऱ्या गावांवर स्वाऱ्या झाल्या. एकजूट झालो तरच टिकू, असं तुमचं म्हणणं होतं आणि त्यासाठी लोकांनी जुने रिवाज मोडू दिले.

आणि एकजुटीचं काय झालं? क्रिमियाच्या युद्धाच्या काळात तुम्ही आणि सर्केशियन सरदार सेफेर बे, दोघंही पुढारीपणासाठी एकमेकांशी झुंजत राहिलात. १८५६च्या पॅरिसच्या तहानं सर्केशियनांना वाऱ्यावर सोडलं.

१८५९मध्ये गुनिबला इमाम पकडले गेले आणि नोव्हेंबरात तुम्ही अबझेखांसह झारची सत्ता मान्य केलीत. त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. तुर्कांकडून कुमक नव्हती, लोक थकले होते. शस्त्र खाली ठेवणं मी समजू शकतो. पण तुम्ही पीटर्सबर्गला गेलात, झारचं वर्षासन घेतलंत आणि उस्मानी मुलखात जाऊन राहिलात, ते कसं समजून घेऊ? ज्यांच्याकडून शपथा घेतल्यात, ते तिथेच राहिले.

तुमच्यामागे त्यांनी हातपाय गाळले नाहीत. जून १८६१मध्ये अबझेख, शाप्सुग आणि उबिख या जमाती सोचीजवळ एकत्र आल्या, त्यांनी मजलिस, म्हणजे सभा, स्थापन केली, मुलखाचे बारा जिल्हे पाडले, जिल्ह्याजिल्ह्याला मुफ्ती आणि काझी नेमले. घडी तुमचीच होती, नाइबसाहेब! तुम्ही शिकवलेलं ते विसरले नव्हते. पुढे रशियन फौजेनं मजलिसची इमारतही जाळून टाकली. २१ मे १८६४ला झारच्या सैन्यानं क्बाआदाच्या माळावर विजयसोहळा केला. गावंच्या गावं किनाऱ्याकडे हाकलली गेली. ट्रॅबझोन आणि सॅमसुनच्या बंदरांत जहाजांतून उतरलेली माणसं उपासमारीनं आणि साथींनी हजारोंनी मेली.

त्यानंतर तुम्ही तीस वर्षांहून अधिक जगलात. तुम्ही असतात तर झारचं सैन्य थांबलं असतं, असं मी म्हणत नाही. तुम्ही त्यांच्यासोबत असायला हवं होतंत, एवढंच म्हणतो. वर्षासन झारच्या तोंडावर फेकून तुम्ही परत जायला हवं होतंत, त्या जूनमध्ये, सोचीला, त्यांच्या मजलिशीत.

तुमच्यावर जीव जडलेला,
इतिहासाचा एक मराठी वाचक