चोरी नको म्हणता, मग मुलांच्या हाती काय देता?





परीक्षा आटोपल्या की मौद्यापासून भंडाऱ्यापर्यंत संगणकाच्या क्लासना गर्दी होते. तिथे फोटोशॉप शिकवतात. घरी सरावासाठी ते कुठून आणायचे, हे कोणी सांगत नाही. ते मित्राच्या पेनड्राइव्हमधून येते. सोबत परवान्याचे कुलूप तोडणारा ‘क्रॅक’ असतो आणि तो चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करायचा असतो. त्याच लॅपटॉपवर वडिलांचे बँकेचे व्यवहार चालतात!

प्रताधिकार कायद्यातील कलम ६३-ब नुसार अशी चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय दंडावरही सोडू शकते. पण सोळा वर्षांचे पोर कलमाला भीत नाही, आणि परवान्याचे पैसे शेतकरी बापाने कुठून आणावेत, याचे उत्तर उपदेश करणाऱ्यांकडे नसते.

उत्तर आहे, ते वर्गात पोचत नाही. पत्रांना, हिशेबाला लिबरऑफिस, फोटोला गिंप, रेखाटनाला इंकस्केप. हे सगळे मोफत, आणि यांच्या प्रती वाटणेही कायदेशीर. आतली आज्ञावली उघडून पाहणे, बदलणेही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिबरऑफिस आणि लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचे धडे मराठीतून आहेत. केरळच्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकवतात, दहावीची प्रात्यक्षिकेही त्यावरच होतात. आपल्याकडे मात्र विंडोज १० ची नियमित मोफत अद्यतने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली, तर जुने संगणक भंगारात काढायची भाषा सुरू झाली. त्यांतले बरेच लिनक्सवर अजून चालतील.

‘नोकरीत हे कोण विचारतो?’ असा आक्षेप येतो. फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉच मागतात, हे खरे. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना डोके पिकते, हेही खरे. पण वक्ररेषा, थर, रंगसंगती यांची समज एकदा आली की प्रोग्राम बदलणे अवघड जात नाही. आणि कोरलवर काम करायचेच असेल, तर परवान्याचा खर्च दुकानदाराने उचलावा. धंदा त्याचा आहे.

तालुक्यातील शाळांनी आणि क्लासचालकांनी नव्या सत्रापासून परवान्याविना एकही प्रोग्राम संगणकावर ठेवू नये. प्रश्नपत्रिकेतही ‘वर्डमध्ये अर्ज टाइप करा’ असे न छापता नुसते ‘अर्ज टाइप करा’ असे छापावे.

आपला,
एक पालक,
मौदा, जि. नागपूर