शेजाऱ्यांचा सामना

शेजाऱ्याशी चुरस करण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. दूरच्या गावाने आपल्याला हरवले, तर त्याचे दुःख दोन दिवसांत ओसरते. परंतु शेजारच्या गावाने हरवले, तर ते वर्षभर सलत राहते. बाजारात, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत तो जिंकलेला गडी पुन्हा पुन्हा भेटतो आणि पराभवाची आठवण ताजी करतो. म्हणून पुष्कळ शहाणी माणसे सांगतात, की शेजारगावाशी सामने लावूच नयेत. त्यांतून भांडणे मात्र उपजतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. सामने लावावेत ते शेजाऱ्यांशीच. मात्र ते लावण्याचे काही नियम आहेत आणि ते पाळले, तरच त्या सामन्यांचे चीज होते.

आपल्या महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांचेच पाहा. भाताची कापणी, झोडणी उरकली, की गावोगाव कबड्डीच्या स्पर्धांचे वारे वाहू लागते. या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने खेळल्या जातात. जो हरला तो बाद. त्याला दुसरी संधी नाही. या पद्धतीचे गणित मोठे मौजेचे आहे. सोळा संघ उतरले, तर विजेता ठरायला किती सामने लागतील? पंधरा. कारण प्रत्येक सामना एकाच संघाला घरी पाठवतो आणि शेवटी एकच संघ उरायचा असतो. म्हणजे सोळांपैकी पंधरा संघांनी कधी ना कधी हरायचे, हे पहिली चढाई होण्यापूर्वीच ठरलेले असते! मुलांनो, जिथे पंधरांच्या वाट्याला पराभव येणारच, तिथे पराभव ही लाजेची गोष्ट कशी होईल? लाज वाटावी ती पंचांवर धावून जाण्याची, जिंकल्यावर दुसऱ्याला हिणवण्याची.

शेजारचा बलवान प्रतिस्पर्धी आपले नुकसान करतो, ही समजूतही खरी नव्हे. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषकाची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. तीही बाद पद्धतीचीच. आरंभीची कित्येक वर्षे हा चषक इंग्रजी पलटणींच्याच हाती राहिला. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला आणि हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. पुढे १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस या संघाने हा चषक जिंकला. त्या काळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. म्हणजे हैदराबाद हे मुंबई राज्याचे अगदी लागून असलेले शेजारी होते. या शेजाऱ्याने पाच वर्षे चषक नेला, म्हणून मुंबईने आपली दारे बंद केली नाहीत. त्या संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हेच पुढे भारतीय संघाचे मार्गदर्शक झाले आणि १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले. ज्या शेजाऱ्याने आपल्याला हरवले, त्याचेच गुण उद्या सर्वांच्या कामी येतात, ते असे.

आता दूरदेशीचे एक उदाहरण घेऊ. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मेक्सिको हे एकमेकांना लागून असलेले देश. अमेरिकेच्या ‘मेजर लीग सॉकर’मधील संघ (यांत कॅनडाचेही काही संघ आहेत) आणि मेक्सिकोच्या ‘लीगा एमएक्स’मधील संघ यांच्यात २०१९ पासून ‘लीग्ज कप’ नावाची स्पर्धा होऊ लागली. पहिला चषक मेक्सिकोच्या क्रुझ असुल संघाने नेला. २०२१ साली मेक्सिकोचाच लेओन संघ विजयी झाला. २०२३ साली दोन्ही साखळ्यांनी आपापले सामने थांबवून सर्वच्या सर्व ४७ संघ या स्पर्धेत उतरवले. आधी गटवार सामने झाले आणि उरलेले ३२ संघ बाद पद्धतीने खेळले. इंटर मायामी आणि नॅशव्हिल यांचा अंतिम सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. मग पेनल्टीचे फटके सुरू झाले, तरी निकाल लागेना. अखेर दोन्ही गोलरक्षकांनाही फटका मारावा लागला, तेव्हा कुठे मायामीचा संघ दहा विरुद्ध नऊ असा जिंकला.

या स्पर्धेत मला एक उणीव दिसते. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षांत मेक्सिकोच्या भूमीवर एकही सामना झाला नाही. मेक्सिकोच्या संघांनी दर वेळी पाहुणे म्हणूनच खेळायचे, दूरचा प्रवास करायचा आणि परक्या मैदानावर उतरायचे. या तिन्ही वर्षांच्या अंतिम सामन्यांत मेक्सिकोचा एकही संघ पोचला नाही. केवळ मैदानामुळे असे झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. कारण आधीचे दोन चषक मेक्सिकोच्या संघांनी अमेरिकेच्या मैदानांवरच जिंकले होते. शिवाय अमेरिकेत स्थायिक झालेली मेक्सिकोची लाखो माणसे आहेत. त्यामुळे पाहुण्यांना प्रेक्षकांची वाण पडत नाही. हे सारे मान्य केले, तरी प्रश्न उरतोच. एकानेच सदैव यजमान व्हावे आणि दुसऱ्याने सदैव पाहुणा, याला शेजारधर्म म्हणता येईल काय? आज तुमच्या अंगणात, उद्या आमच्या अंगणात, हाच न्याय होय.

तुम्ही विचाराल, की खेळातल्या एवढ्याशा गोष्टीचा इतका काथ्याकूट कशासाठी? त्याचे उत्तर आपल्या सावित्री नदीला विचारावे. महाबळेश्वराहून उतरलेले तिचे पाणी पोलादपुरावरून महाडकडे येते. ती पोलादपूरची वेगळी आणि महाडची वेगळी, असा भेद करीत नाही. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले. त्याच दिवसांत महाड तालुक्यातील तळिये गावावर आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. रस्ते तुटलेले, वीज गेलेली, अशा समयी सरकारी मदत पोचेपर्यंत हाकेला ओ देऊ शकतो तो शेजारगावचा माणूस. ज्याची आपण मैदानात पकड केली, त्याचाच हात संकटात धरायचा असतो. तो हात धरताना मनात गेल्या वर्षीच्या भांडणाची अढी असेल, तर त्या सामन्याने आपल्याकडून फार मोठी किंमत घेतली, असे समजावे.

म्हणून शेजाऱ्यांशी अवश्य खेळावे, जीव ओतून खेळावे; पण तीन नियम पाळावेत. मैदान आळीपाळीने निवडावे. पंच तिसऱ्या गावचा असावा आणि त्याचा निर्णय दोघांनीही मानावा. आणि शिट्टी वाजताच जिंकलेल्याने आधी पुढे होऊन हरलेल्याचा हात हाती घ्यावा. हरलेल्याने हात पुढे करणे मोठेपणाचे खरे, पण ते अवघड असते. जिंकलेल्याला ते सोपे आहे, म्हणून ते त्याचे कर्तव्य होय. चषक एकाच गावात जातो. परंतु हे नियम पाळले गेले, तर सोळाही गावे एकमेकांची राहतात.