आधी मजकूर, मग वेग: जुन्या पीसीसाठी डिस्क कंट्रोलर कार्डाची निवड

१/ जुना पीसी पुन्हा चालू करू पाहणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला असा: जुने डिस्क कंट्रोलर कार्ड काढावे, आयडीई कार्ड बसवावे, त्याला कॉम्पॅक्टफ्लॅश जोडावे आणि मोकळे व्हावे. सल्ला सोयीचा आहे. पण घाईने अमलात आणल्यास जुन्या डिस्कवरील मजकूर कायमचा गमावला जाऊ शकतो. #थ्रेड

२/ मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. डिस्क व कार्ड जोडण्याची पद्धत सीगेटच्या एसटी-५०६ (१९८०) आणि त्यानंतरच्या एसटी-४१२ या डिस्कांवरून रूढ झाली: एक ३४ तारांची केबल नियंत्रणासाठी, दुसरी २० तारांची माहितीसाठी.

३/ या पद्धतीत डिस्ककडे फारशी बुद्धी नसते. तबकडीवरचे चुंबकीय स्पंद ती जसेच्या तसे कार्डाकडे पाठवते. त्या स्पंदांतून बिट वेगळे करणे, सेक्टर ओळखणे, चुका पडताळणे ही सारी कामे कार्डाची. सेक्टरांची मूळ आखणी, म्हणजे लो-लेव्हल फॉरमॅट, हेही कार्डाचेच काम.

४/ ही आखणी प्रत्येक उत्पादकाची थोडी निराळी असे. त्यामुळे एका कार्डावर फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला बहुधा वाचता येत नाही. डिस्क शाबूत, मजकूरही शाबूत, पण वाचणारा उरत नाही. अशी डिस्क आणि तिचे कार्ड ही अतूट जोडी मानणेच शहाणपणाचे.

५/ जोडी मोडण्याचा मोह नवा नाही. एमएफएम पद्धतीत एका ट्रॅकवर ५१२ बाइटचे १७ सेक्टर बसत, आरएलएलमध्ये २६. सीगेटच्या एसटी-२२५ डिस्कला ६१५ सिलिंडर व ४ हेड. १७ सेक्टरांनी सुमारे २१.४ दशलक्ष बाइट मावत, तर २६ सेक्टरांनी ३२.७ दशलक्ष. नुसते कार्ड बदलून दीडपट जागा!

६/ पण आरएलएलला अधिक काटेकोर डिस्क लागे. म्हणूनच सीगेटने एसटी-२३८आर वेगळी विकली. एमएफएमसाठीची डिस्क आरएलएल कार्डावर काही काळ चाले आणि मग वाचनात चुका होऊ लागत. इतक्या वर्षांच्या झिजेनंतर आज हा प्रयोग करणे अविचाराचे ठरेल.

७/ वेगाचाही मोह असाच. डिस्क मिनिटाला ३६०० फेरे घेई. एक सेक्टर वाचून हातावेगळा होईतो पुढचा निघून जाई. म्हणून क्रमाचे सेक्टर अंतर सोडून मांडत. यालाच इंटरलीव्ह म्हणतात. ३:१ मांडणीत ट्रॅक ३ फेऱ्यांत वाचून होई. संथ यंत्रावर १:१ मांडणी केली, तर त्याच ट्रॅकला १७ फेरे लागू शकत.

८/ १९८४ च्या पीसी एटीने १६ बिटांचे स्लॉट आणले. एक्सटीचे कार्ड स्वतःचे बायोस सोबत आणे. एटीत डिस्कचा प्रकार सेटअपमध्ये नोंदवावा लागे आणि ती नोंद बॅटरीवर जगे. बॅटरी काढण्याआधी तो प्रकार कागदावर लिहून ठेवण्याचा आळस महागात पडतो.

९/ १९८६ च्या सुमारास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल यांच्या प्रयत्नांतून आयडीई आली. कंट्रोलर डिस्कवरच गेला आणि जोडीचा प्रश्न बराचसा सुटला. तरी १०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर या बायोसच्या मर्यादेमुळे जुन्या यंत्राला ५२८ दशलक्ष बाइटांपलीकडे दिसत नाही.

१०/ एक्सटीच्या ८ बिटांच्या स्लॉटसाठी आज एक्सटी-आयडीई कार्डे मिळतात. त्यांचे बायोसही मुक्त आहे. रोजच्या वापरासाठी हाच उत्तम पर्याय, यात वाद नाही. जुन्या डिस्का एक ना एक दिवस बंद पडणारच. वाद आहे तो फक्त क्रमाचा.

११/ महाराष्ट्रात या क्रमाला विशेष अर्थ आहे. पुण्याच्या सी-डॅकच्या (स्थापना १९८८) जिस्ट कार्डामुळे डॉसवर चालणाऱ्या पीसीवर देवनागरी लिहिता येऊ लागली. युनिकोड रुळण्याआधीचा असा मराठी मजकूर एखाद्या अडगळीतल्या डिस्कवर अजूनही असू शकतो आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नसेल.

१२/ म्हणून क्रम असा असावा. मूळ कार्ड, केबल आणि डिस्क एकत्र ठेवावीत. लो-लेव्हल फॉरमॅटची आज्ञा चुकूनही देऊ नये. मूळ कार्डावरच डिस्क सुरू करून प्रत काढावी. कार्ड मेले असेल, तर त्याच बनावटीचे शोधावे किंवा एमएफएमचे स्पंद थेट टिपणाऱ्या उपकरणांची मदत घ्यावी.

१३/ प्रत हाती आल्यावर नवे कार्ड खुशाल बसवावे. जुने कार्ड मात्र डिस्कसोबतच एका पिशवीत, दोघांची नावे लिहून जपावे. भंगारात ते कवडीमोलाने जाते. मजकूर वाचण्याची वेळ आली, की तेवढ्याच एका कार्डासाठी देश पालथा घालावा लागतो.