सम नसलेलं संगीत

ग्वाल्हेरात नवं काही कानावर पडलं की आपले दोन प्रश्न ठरलेले: राग कोणता? घराणं कोणतं? पेडल स्टील गिटारवरचं मुक्त वादन ऐकवलं, की दोन्हींना उत्तर मिळत नाही. मग कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणतं, ‘‘म्हणजे आपला आलापच की!’’ माझा आक्षेप या समजुतीलाच आहे.

साम्य नाही असं नाही. तारेवर दांडा सरकवून काढलेला सूर आपल्याला परका नाही. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ब्रिजभूषण काबरांनी गिटारवर राग वाजवले. आपल्या सरोदघरातल्या सरोदांनाही पडदे नसतात. म्हणून तर मींड एवढी सलग येते. पेडल स्टीलला शिवाय पायाशी पेडल आणि गुडघ्यांशी खटके असतात. ते दाबले की वाजत्या तारेचा सूर चढतो किंवा उतरतो.

पण आलापाला रागाची हद्द असते आणि ख्यालाला सम. तीनतालाच्या सोळा मात्रा मनात मोजत आपण समेची वाट पाहतो. ती आली की मान डोलते. सुझन अल्कॉर्न आधी टेक्सासमधल्या कंट्री बँडमध्ये वाजवायची, पुढे मुक्त वादनाकडे वळली. तिथे मोजायला काहीच नाही. पुढचा सूर तिने त्या क्षणी ठरवायचा, आपण त्याच क्षणी ऐकायचा. त्याला ‘आलाप’ म्हटलं की आपण ओळखीचं तेवढं वेचतो आणि बाकीचं सोडून देतो.

तिच्या एका रचनेच्या नावाचा अर्थ असा: आणि मी पेडल स्टील गिटारच्या पुनरुत्थानाची वाट पाहते. फ्रेंच कॅथलिक संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँने १९६४ साली दोन महायुद्धांतल्या मृतांच्या स्मरणार्थ एक कृती रचली. हे नाव त्या कृतीच्या नावावर बेतलेलं आहे. मेसियाँचे शब्द मूळचे क्रीडमधले. रविवारी मिस्सामध्ये आम्हीही तीच वाट पाहत असल्याचं म्हणतो. त्या वाट पाहण्याला मात्रा नाहीत. कधी ते ठाऊक नाही, तरी जागं राहायचं. मुक्त वादन ऐकणं मला त्याच जातीचं वाटतं.

घराण्याचा अभिमान मलाही आहे. पण तो कानाला लावलेला गाळणा होऊ नये. मंडळाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं असं काही ऐकू या. आवडलं नाही तर खुशाल सांगा. फक्त ते कशासारखं आहे, हे ऐकून होईपर्यंत विचारू नका.