पाच टक्क्यांतला भाला

मुरलीकांत पेटकर म्हटले की 1972चे हायडेलबर्ग आणि जलतरणातले सुवर्ण आठवते. त्याच पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी भालाही फेकला होता आणि अंतिम फेरी गाठली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पेठ-इस्लामपूरचा हा मुलगा घर सोडून लष्करात गेला, 1965च्या युद्धात गोळ्या लागून कायमचा जायबंदी झाला. तरी घडला, कारण लष्कराचे रुग्णालय, पोहण्याचा तलाव आणि पुढे क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारख्यांचा हात त्याला मिळाला. आजही चित्र फारसे बदललेले नाही. सुरगाण्याच्या तोरणडोंगरीचा दिलीप गावित नाशिकला वैजनाथ काळे यांच्या हाताखाली तयार झाला, तेव्हा कुठे हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत 400 मीटरचे सुवर्ण आले. 2025मध्ये दिल्लीच्या जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धेत संदीप सरगरने 62.82 मीटरवर भाला टाकून एफ 44 गटाचे सुवर्ण जिंकले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवाव्यातच. पण पुढचा संदीप कुठे असेल, तेही शोधले पाहिजे.

तो आमच्या जुन्नर-आंबेगावात, उसाच्या फडाशेजारी असू शकतो. दिवाळीच्या सुमारास विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांसाठी बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. पश्चिम पट्ट्यातला आदिवासीही मंचर, नारायणगावच्या बागायतीत मजुरीला येतो. त्यांच्यासोबत मुले येतात. आईबाप पहाटे फडावर गेले की कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, धाकट्या भावंडाला सांभाळत बसणारे मूल पुष्कळदा तेच असते, ज्याला पळता येत नाही. देवेंद्र झाझरियाने आठव्या वर्षी विजेच्या धक्क्याने हात गमावला आणि पुढे अथेन्स व रिओत भालाफेकीची दोन सुवर्णपदके जिंकली. मात्र तो राजस्थानातल्या आपल्या गावात, आपल्या शाळेत होता. कोपीतल्या मुलाची शाळा एका जिल्ह्यात, हंगामाचे सहा महिने दुसऱ्या. त्याला हेरणार कोण?

खर्चाची सबब इथे चालत नाही. पळता न येणाऱ्यालाही बसून भाला फेकता येतो; त्याला लागते काय? सपाट मैदान, 600 ग्रॅमचा भाला आणि लोखंडी खुर्ची. गादीसकट तिची उंची 75 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. दुसऱ्या हाताने घट्ट धरायला पुढे एक उभा दांडा, मांड्या आवळायला पट्टे, आणि फेकताना खुर्ची हलू नये म्हणून चारी बाजूंनी जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना ताणून बांधलेले पट्टे. नारायणगाव, आळेफाटा, मंचरच्या ज्या वेल्डिंगच्या दुकानांत उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त होतात, तिथे ही खुर्ची दोन दिवसांत उभी राहील. अशाच खुर्चीवरून गोळा फेकणारी नांदेडची भाग्यश्री जाधव पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलच्या जोडीने देशाचा ध्वज घेऊन पुढे होती.

पैसाही आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा सरकारचाच आदेश आहे. गावोगावी हा ‘पाच टक्के निधी’ मार्चअखेरीस थोडा थोडा वाटून संपवला जातो. ज्याच्या घरात चूल पेटायची पंचाईत आहे, त्याला ती रक्कम हवीच, तिला हात लावू नये. पण दहा-बारा गावांनी मिळून एक खुर्ची आणि चार भाले घेतले, तर कुणाच्या ताटातले काही कमी होणार नाही. दिव्यांग हक्क कायद्याचे 30वे कलम खेळाच्या सोयींची जबाबदारी सरकारवर टाकते. तो कायदा 2016चा आहे.

खरी अडचण यादीची आहे. ग्रामपंचायतीची दिव्यांगांची नोंदवही रहिवाशांपुरती, आणि टोळीतले मूल इथले रहिवासी नाही. गावाकडे नोंद असलीच, तरी ऐन हिवाळ्यात, शाळाशाळांतून क्रीडा स्पर्धा चालू असतात तेव्हा ते इथे असते. दोन्ही गावांच्या हिशेबातून ते सुटते. खुर्ची आली तरी शिकवणारा लागेल, हेही खरे. त्यासाठी हायस्कुलांतले क्रीडाशिक्षक आहेत. पुण्याला बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे, तालुका क्रीडा अधिकारी आहेत. या शिक्षकांना तिथे नेऊन पंधरा दिवस पॅरा खेळांचे प्रशिक्षण देऊन आणणे अशक्य कोटीतले नाही.

सुरुवात कारखान्यांनीच करावी. मुकादमाशी टोळीचा करार होतो, तेव्हा कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, मोजले जातात. त्याच कागदावर एक रकाना वाढवावा: सोबत दिव्यांग मूल आहे का, वय काय, अपंगत्व कोणते, प्रमाणपत्र निघाले आहे का. कोप्या पडल्यापासून आठ दिवसांत ती यादी त्या त्या ग्रामपंचायतीकडे आणि जवळच्या हायस्कूलकडे गेली पाहिजे, आणि हंगाम संपून टोळी परतताना मुलाच्या फेकींची नोंद त्याच्या गावाकडच्या शाळेला पाठवली पाहिजे. येत्या गळीत हंगामापासून विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांच्या संचालक मंडळांनी हे करून दाखवावे.