विषाची नोंद चोख, उतारा बेपत्ता

तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टरांचे पत्र गेल्या महिन्यात आले. कर्करोगाच्या एका आजोबांना घरी मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या. संध्याकाळचा डोस मुलाने दिला, तोच पुन्हा सुनेने दिला आणि वर झोपेसाठी अल्प्राझोलाम. डॉक्टर पोचले तेव्हा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मिनिटाला सहा. त्यांनी नॅलोक्सोनसाठी गावातल्या चार मेडिकलना फोन लावले. दोघांकडे नव्हते, तिसऱ्याने ‘हे कशावरचं?’ असे विचारले आणि चौथ्याने ठणकावले, ‘डॉक्टर, नार्कोटिक आहे ते. आम्ही ठेवत नाही.’ आजोबा वाचले, कारण जिल्हा रुग्णालय येईपर्यंत डॉक्टर गाडीत अंबू बॅग दाबत बसले होते.

चौथा दुकानदार, आपल्या औषधविक्रेता संघटनेचाच सभासद, चुकला, हे आधी मान्य करू. नॅलोक्सोन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येत नाही. त्याने नशा चढत नाही, उतरते. बी.फार्म.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकलेली ही गोष्ट काउंटरवर उभे राहिल्यावर विसरावी, हे आपल्याला शोभणारे नाही.

पण ही भीती त्याच्या मनात बसली कशी, तेही पाहा. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच1 लागू झाले. 46 औषधांचे वेगळे रजिस्टर, तेही तीन वर्षे जपायचे. एप्रिल 2018 मध्ये ट्रामाडोल एनडीपीएसखाली गेले. फेब्रुवारी 2025 मध्ये पालघरच्या कारखान्याचे प्रकरण गाजले आणि टॅपेन्टाडोल-कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्यांच्या उत्पादनाच्या आणि निर्यातीच्या परवानग्या मागे घेण्याचे आदेश केंद्रातून निघाले. या प्रत्येक वळणावर आपल्याकडे तपासण्या वाढल्या. वाढू द्या, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की, रजिस्टरमधल्या खाडाखोडीवर बोट ठेवणाऱ्या एकाही निरीक्षकसाहेबांनी ‘नॅलोक्सोन आहे का?’ असे विचारल्याचे आजवर आमच्या कानावर आलेले नाही. विष किती विकले याचा हिशेब सरकारला गोळीगणिक हवा. उतारा दुकानात आहे की नाही, याची चौकशी करणारा रकाना तपासणीच्या कागदावर नाही.

राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत नॅलोक्सोन आहे, असे कोणी तोंडावर फेकेल. आहे. पण सूचीत नाव आल्याने किमतीला कमाल मर्यादा बसते, दुकानात माल येत नाही. स्वस्त, कमी खपाच्या, इंजेक्शनच्या औषधात मार्जिन ते किती? स्टॉकिस्ट बॉक्स फोडायला तयार नसतो. पूर्ण बॉक्स घेतला तर दोन अँप्यूल जातात, आठ एक्स्पायर होतात आणि परत घेताना तोच स्टॉकिस्ट कपाळाला आठ्या घालतो. अत्यावश्यक म्हणायचे आणि त्याच्या एक्स्पायरीचा भुर्दंड एकट्या किरकोळ विक्रेत्यावर टाकायचा, हा कुठला न्याय? एक्स्पायर होणारे नॅलोक्सोन विनाअट बदलून देण्याचे बंधन उत्पादकावर घाला, एवढी साधी मागणी संघटनेने एफडीएकडे लेखी करावी. अमेरिकेत 2023 पासून नॅलोक्सोनचा नाकातला स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो. आपण अँप्यूलसाठी भांडतो आहोत.

काही सभासद म्हणतील, ‘हे गर्दुल्ल्यांचं औषध, आमच्याकडे तसलं गिऱ्हाईक नाही.’ सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 10 ते 75 वयोगटातले सुमारे 2 टक्के लोक ओपिऑइड घेणारे निघाले, आणि त्यांतला मोठा वाटा गोळ्या-सिरपचा, म्हणजे आपल्याच फळीवरच्या मालाचा होता. शिवाय पत्रातले आजोबा कुठल्या पुलाखाली सापडले नव्हते. व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आलेला मुलगा तर अधिक धोक्यात असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि तो जुन्याच मापाने घेतो. आणि चिठ्ठीशिवाय ट्रामाडोल सोडणाऱ्या आपल्यातल्या मोजक्या महाभागांनी या ओळी दोनदा वाचाव्यात. सगळ्या धंद्याचे नाव तुम्ही घालवता.

आता करायचे काय? प्रत्येक तालुक्यात निदान दोन दुकानांनी, त्यांतल्या एकाने तरी रात्री उघडे राहणाऱ्याने, 0.4 मिलिग्रॅमच्या पाच-पाच अँप्यूल ठेवाव्यात. बॉक्स तालुका शाखेने घ्यावा आणि रीतसर बिलाने वाटून द्यावा. इंजेक्शन आपण टोचायचे नाही, ते डॉक्टरांचे काम; पण कोणत्या दुकानात आहे, हे गावातल्या प्रत्येक डॉक्टरला आणि 108च्या कर्मचाऱ्यांना माहीत हवे.

मॉर्फिनची गोळी किंवा फेंटानिलचा पॅच देताना घरच्यांना सांगा: डोस एकानेच द्यायचा आणि वहीत लिहायचा, पॅचवर शेक द्यायचा नाही, सोबत दारू नाही, झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हाका मारून, छातीच्या हाडावर मूठ घासूनही माणूस जागा होत नसेल, घरघर लागली असेल, ओठ-नखे निळी पडली असतील, तर ती गाढ झोप नव्हे. 108 लावा, तोंडाने श्वास द्या. लिंबूपाणी, ताक काही पाजू नका. श्वास नीट चालू झाला की कुशीवर वळवा. इंजेक्शनने माणूस उठून बसला तरी दवाखान्यात नेलेच पाहिजे. नॅलोक्सोनचा असर तास-दीड तासात ओसरतो. मॉर्फिन त्यानंतरही अंगात असते आणि श्वास पुन्हा मंदावतो.

पुढच्या अंकात नॅलोक्सोन ठेवणाऱ्या दुकानांची तालुकावार यादी छापणार आहोत. शाखाध्यक्षांनी नावे 20 तारखेपर्यंत कळवावीत. ज्या तालुक्यातून नाव येणार नाही, त्याच्यापुढची जागा आम्ही कोरी छापू.