संत अँसेल्म आणि कोंडलेले रोप

मध्ययुगीन युरोपातील मठांत प्रौढ संन्याशांच्या जोडीने लहान मुलेही राहत असत, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. आईबाप आपले कोवळे मूल देवाला वाहत आणि मग त्याचे सारे आयुष्य मठाच्या भिंतींआड जाई. त्याच्या पाठांवर, जेवणावर, झोपेवरही गुरूची नजर असे, आणि गुरूच्या हाती छडी. मूल चुकले की मार, हा शिरस्ताच होता. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

अशाच एका मठाचे अधिपती एकदा अँसेल्म यांच्यापाशी गाऱ्हाणे घेऊन आले. आमची मुले कमालीची हट्टी आहेत, रात्रंदिवस मारतो तरी अधिकच बिघडतात, आता करावे तरी काय? अँसेल्म यांनी एवढेच विचारले, की ती मोठी झाल्यावर कशी निघतात? मंद आणि पशुवत, असे उत्तर आले. मग अँसेल्म यांनी त्यांच्यापुढे एक दृष्टांत ठेवला. बागेत रोप लावले आणि त्याला चहूबाजूंनी असे कोंडले की एक फांदीही पसरू नये, तर काही वर्षांनी मोकळे केल्यावर कसले झाड हाती येईल? वेड्यावाकड्या, एकमेकींत गुंतलेल्या फांद्यांचे. आणि तो दोष कोंडणाऱ्याचाच. सोन्याच्या पत्र्यावर मूर्ती उमटविणारा कारागीर नुसते घावच घालतो काय? तो हलकेच दाबतो, हळुवार उचलून आकार देतो. हे ऐकून त्या अधिपतींनी आपली चूक कबूल केली. अँसेल्म यांचे शिष्य व चरित्रकार एडमर यांनी हा संवाद लिहून ठेवला आहे. आपल्या देशात शाळेतील शारीरिक शिक्षेला शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली ती २००९ साली, हे ध्यानी घेतले म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या बोलण्याचे मोल कळते.

अँसेल्म यांचा जन्म १०३३ सालचा, आल्प्स पर्वताच्या कुशीतील आओस्ता नगरीत. ती आज इटलीत आहे. आई भाविक होती. ती गेल्यावर वडिलांचा जाच इतका वाढला, की मुलाने घर सोडले आणि पर्वत ओलांडून फ्रान्स गाठले. कोंडलेल्या रोपाचा दृष्टांत त्यांना कोठून सुचला असेल, याचा तर्क वाचकांनीच करावा. नॉर्मंडीतील बेकच्या मठात लानफ्रांक या विख्यात गुरूची कीर्ती त्यांना खेचून घेऊन गेली. १०६० साली त्यांनी तेथे दीक्षा घेतली, १०६३ मध्ये ते प्रायर, म्हणजे मठाधिपतींच्या खालोखालचे अधिकारी झाले आणि १०७८ मध्ये स्वतः मठाधिपती.

प्रायरपद इतक्या लवकर मिळाल्याने काहीजण नाराज होते. त्यांत ऑस्बर्न नावाचा एक तरुण, बुद्धीने तल्लख पण मनाने अत्यंत द्वेष्टा. अँसेल्म यांनी त्याचे पोरकट हट्ट पुरविले, त्याला आपलेसे केले, आणि त्याचा विश्वास बसल्यावर एकेक सवलत हळूहळू काढून घेतली. पुढे प्रसंगी त्याला मारही दिला, हे एडमर लपवीत नाहीत. त्यांची मृदुता म्हणजे लाड नव्हेत. ऑस्बर्न ऐन उमेदीत आजारी पडला, तेव्हा अँसेल्म रात्रंदिवस त्याच्या उशाशी होते. तो गेल्यावर वर्षभर रोज त्यांनी त्याच्यासाठी मिस्सा अर्पण केली.

विद्वान म्हणून त्यांची ख्याती 'प्रोस्लोगिऑन' या ग्रंथामुळे. ज्याहून थोर असे काही कल्पिताच येत नाही तो देव, या एका विचारातून त्यांनी ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करू पाहिले. गाउनिलो नावाच्या एका संन्याशाने त्याचे खंडन लिहिले. अँसेल्म यांनी उत्तर तर दिलेच, पण आपल्या ग्रंथाबरोबर ते खंडनही नकलून घ्यावे असे सांगितले. वादातले हे औदार्य आजही दुर्मिळच म्हणायचे!

१०९३ साली आजारी पडलेल्या विल्यम रूफस राजाने त्यांना कँटरबरीचे आर्चबिशप नेमले. ते पद नको म्हणून त्यांनी मूठ घट्ट आवळून धरली, तेव्हा लोकांनी धर्मदंड त्या बंद मुठीवरच दाबून धरला. धर्मपीठाचे अधिकार कोणाचे, यावरून आधी या राजाशी आणि नंतर पहिल्या हेन्रीशी त्यांचा झगडा झाला. दोनदा देशत्याग पत्करला, पण माघार घेतली नाही. ११०२ सालच्या वेस्टमिन्स्टर येथील धर्मसभेत, त्यांच्याच अध्यक्षतेखाली, माणसांना जनावरांसारखे विकण्याच्या धंद्याचा निषेध झाला. १७२० मध्ये पोप अकरावे क्लेमेंट यांनी त्यांना चर्चचे आचार्य म्हणून घोषित केले.

११०९ च्या एप्रिलमध्ये, झावळ्यांच्या रविवारी, शिष्यांनी त्यांना सांगितले की आता आपण प्रभूच्या दरबारी ईस्टरला जाणार असे दिसते. तशी त्याची इच्छा असेल तर आनंदाने जाईन, अँसेल्म म्हणाले. पण आत्म्याच्या उत्पत्तीचा प्रश्न मनात घोळतो आहे, तो सुटेपर्यंत राहू दिले तर बरे होईल, कारण माझ्यामागे तो कोणी सोडवील की नाही कोण जाणे. त्यानंतरच्या बुधवारी, २१ तारखेला पहाटे, त्यांनी देह ठेवला.